बत्ती जळून राहिली का?

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात भिंतीवर तीन घड्याळं होती आणि कुठलीही दोन सारखी वेळ दाखवत नसत. किती वाजले असं कुणी विचारलं की बाई तिन्हींकडे आळीपाळीनं बघत, सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात मागचं सोडून देत आणि मधली वेळ सांगत. एकदा मी म्हटलं, "तिन्ही काढून एकच चांगलं घड्याळ का लावत नाही?"

"एकच असलं तर ते खरं बोलून राहिलंय की खोटं, हे मला कोण सांगणार?"

यात काहीतरी चुकतंय असं मला तेव्हाही वाटलं होतं. कुठे चुकतंय ते मात्र अजून सापडलेलं नाही. बाईंच्या बाबतीत माझं कायम असंच झालं. त्या फार शहाण्या आहेत की नुसत्याच विक्षिप्त, हे मी मनाशी पक्कं ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला ते बदलावं लागायचं.

मी वाईहून उज्जैनला आले ती मुलींच्या शाळेत शिकवायला. ग्वाल्हेर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य उभं राहिलं होतं. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. त्यामुळे माझ्या नेमणुकीचा हुकूम एका गावाहून निघाला आणि तो कुठे पोचला याची चौकशी दुसऱ्या गावी करावी लागली. शाळेतल्या जुन्या बाई अजून 'दरबारची सुट्टी' म्हणत, नव्या बाई 'सरकारी सुट्टी' म्हणत, आणि दोन्ही याद्या जुळत नसल्यामुळे काही दिवशी अर्धीच शाळा भरे.

फ्रीगंजमध्ये डॉक्टरबाईंच्या घरी वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून मी गेले. खाली दवाखाना, मागे अंगण, वर दोन खोल्या. बाई उंच, हाडकुळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पुरुषी बूट, अंबाड्यात पेन्सिल. मला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "जीभ दाखव."

"मी खोलीसाठी आलेय," मी म्हटलं.

"ते कळलं. जीभ दाखव."

मी दाखवली. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, आणि म्हणाल्या, "लोह कमी आहे. खोली घे. गूळ-दाणे खात जा." भाडं वगैरे काय ते मला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

त्यांचं घराणं दरबारी कारकुनी करायला पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी दख्खनमधून आलेलं. मराठी बोलत, पण ती उज्जैनची. "मी येऊन राहिली", "तू काय करून राहिलीस?" अशी. लग्न झालं होतं की नव्हतं याबद्दल गावात दोन मतं होती. कपाळावर कुंकू असे, गळ्यात मंगळसूत्र नसे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "झालं होतं थोडंसं."

दवाखान्यात त्यांची एक पद्धत होती. सुनेला घेऊन सासू आली आणि बाईंनी सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूच देऊ लागली, की बाई शांतपणे सासूलाच टेबलावर झोपायला सांगत आणि तिचं पोट तपासू लागत. सासू ओरडे, "अरे डाक्टर साब, बीमार तो ये है!" बाई म्हणत, "मला काय माहीत? बोलून तर तुम्ही राहिल्या." असं एकदा झालं की पुढच्या वेळी सासू बाहेरच्या बाकावर गप्प बसे.

मोटार त्यांच्याकडे आली ती जहागिरी संपल्या तेव्हा. एका जहागीरदारांच्या सुनेची अवघड बाळंतपणं बाईंनी निभावली होती. जहागीर गेल्यावर त्या गृहस्थांनी घोडे विकले, नोकर कमी केले आणि एक दिवस मोटार बाईंच्या दारात आणून उभी केली.

"बाईसाहेब, आता हिला सांभाळायची आमची ऐपत नाही."

"माझी कुठे आहे?" बाई म्हणाल्या, पण किल्ली घेतली.

काळी, विलायती, दोन्ही अंगांना पाय ठेवायला लांब फूटबोर्ड असलेली ती गाडी. बाई दसरा मैदानावर जहागीरदारांच्या जुन्या ड्रायव्हरकडून ती चालवायला शिकल्या. पुढे जाणं झटक्यात आलं, मागे घेणं कधीच आलं नाही. घर चुकून ओलांडलं गेलं की त्या अख्ख्या फ्रीगंजला वळसा घालून परत समोर येत. नवरा नसलेली बाई मोटार हाकते म्हणून सुरुवातीला पोरं मागे धावली, मग तीही कंटाळली.

स्टीअरिंगच्या मागे एक काळी तबकडी होती आणि तिच्यात मसुराएवढी लाल बत्ती. ती आम्ही कित्येक महिने पाहिलीच नव्हती. एका सोमवती अमावास्येला राम घाटाकडच्या गल्लीत आम्ही गर्दीत अडकलो. शिप्रेवर स्नानाला आलेल्या माणसांच्या पाठीमागून गाडी गोगलगायीसारखी सरकत होती, थांबत होती, परत सरकत होती. बाईंनी समोरची नजर न काढता विचारलं, "मास्तरीण, लाल दिसून राहिलं ते काय? बत्ती जळून राहिली का?"

आमच्या वाईकडे बत्ती जळली म्हणजे गेली, निकामी झाली. मी वाकून पाहिलं. बत्ती छान लाल दिसत होती.

"नाही हो," मी म्हटलं, "अजिबात जळली नाहीये."

"बघ नीट."

"नीट बघितली. चांगली पेटलीय."

"पेटली म्हणजे जळून राहिली?"

"नाही, नाही! जळली नाही. मस्त आहे."

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच चालीनं आम्ही देवास गेटपर्यंत आलो. तिथे त्यांनी स्वतः वाकून पाहिलं आणि भर रस्त्यात गाडी बंद केली.

"ही तर जळून राहिली!"

"मग मी काय म्हणतेय इतका वेळ?" मी म्हटलं.

त्या दिवशी आमच्या दोघींच्या मराठीत किती अंतर आहे ते कळलं. आणि ती बत्ती कसली, तेही. इंजिनात ऑइल फिरतं, ते फिरवायला जोर लागतो, तो जोर फार कमी पडला की बत्ती लागते. जोर नसताना इंजिन चालवलं तर लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन कायमचं अडकून बसतं. हे सगळं आम्हाला मिस्त्रीनं सांगितलं. देवास गेटला बस स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना होता. पाप्याचं पितर, पण आवाज खणखणीत. त्यानं सळई काढून ऑइल पाहिलं. ते भरपूर होतं.

"बाई, बेअरिंग घिस गया है। इंजन खोलना पड़ेगा।"

"एकदम खोलायचं?"

"एकदम।"

बाईंनी मान हलवली. "पोट उघडायला सगळेच तयार असतात. आधी नाडी बघायची, मग जीभ, मग पोट."

"मैं आपके मरीज़ों में बोलता हूँ क्या?" मिस्त्री चिडून म्हणाला.

पुढचं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बत्तीची तऱ्हा अशी होती की गाडी रस्त्यावर धावत असली की ती विझलेली. इंजिन चांगलं तापलं आणि गाडी उभी करून ते नुसतं चालू ठेवलं, की लागे. पाय जरा दाबून रेस दिली की पुन्हा विझे. बरं, थांबल्यावर इंजिन बंद करावं तर तापलेली गाडी हॅन्डल मारून मारून हात तुटले तरी लवकर चालू होत नसे. म्हणून बाई कुठेही थांबल्या की घूं-घूं रेस देत राहत. टांग्यांचे घोडे बिचकत, टांगेवाले त्यांना शिव्या घालत, आणि बाई खिडकीतून ओरडत, "मला नका बोलू, बत्तीला बोला!" मी शेजारी बसे. माझं काम एकच, बत्ती बघणं.

बाई प्रत्येकाला विचारत आणि प्रत्येकाचं ऐकत. राम घाटावरच्या ओळखीच्या पंड्यानं सांगितलं, "तेल की बात है तो शनि महाराज की बात है।" बाईंनी शनिवारी शनीला तेल वाहिलं. मी हसले तर म्हणाल्या, "औषध लागू पडलं नाही तर बदलता येतं. दिलंच नाही तर काय बदलणार?" जहागीरदारांचा जुना ड्रायव्हर म्हणाला, ऑइल पातळ आहे, दाट घाला. दाट घातलं. हिवाळा होता, बत्ती गप्प झाली. आम्ही पेढे खाल्ले. होळी झाली, ऊन तापलं, बत्ती परत आली. आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर म्हणाले, इंजिन ठीकच असणार, बत्तीचा स्विचच बिघडला असेल. ऑइलचा जोर कळायला इंजिनाला जो स्विच बसवलेला असतो, तोच चुकीची खबर देत असेल. मिस्त्री म्हणाला, सर को बोलो अपनी किताब पढ़ाएँ।

मिस्त्रीनं इंजिन उघडायचा हट्ट सोडला नव्हता, पण बाई ऐकेनात म्हणून 'फिलहाल' म्हणून त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिन उभ्या जागीही जरा जोरात चालेल असं करून दिलं. त्यानं बत्ती कमी लागू लागली, पण गाडी पाय न लावताच पुढे ओढू लागली. फ्रीगंजच्या पुलावर एकदा तिनं एका म्हशीला हळूच ढकललं. म्हशीनं मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात जोडले.

मला विचाराल तर मला काहीच कळत नव्हतं. शनी, बेअरिंग, दाट ऑइल आणि स्विच या चौघांपैकी खरा कोण, हे मला रोज वेगळं वाटे. जो शेवटी बोले त्याचं पटे.

आणि मग ते पाऱ्याचं प्रकरण झालं.

एका रविवारी सकाळी बाई अंगणात आल्या त्या रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. लाकडी पेटीतलं, उभ्या काचेच्या नळीत पारा चढणारं. मिस्त्रीला बोलावून घेतलेलं होतं. बाईंनी त्याला इंजिनाचा तो स्विच काढायला सांगितला आणि त्या भोकात बसेल अशी पितळी तोटी त्याच्याकडून आधीच करून घेतली होती. तोटीला रबरी नळी, नळीचं दुसरं टोक यंत्राला.

"बाई, ये आदमी का है," मिस्त्री म्हणाला.

"दाब म्हणजे दाब. माणसाचा काय नि मोटारीचा काय." त्यांनी नळीवर एक चिमटा लावला, रक्तवाहिनी दाबून धरायचा असतो तो. गाडी आधीच फिरवून तापवून आणलेली होती. "इंजिन चालू कर. पाय लावू नकोस. नुसतं चालू दे. मी चिमटा हळूहळू सोडते. मास्तरीण, तू आकडे वाच."

इंजिन घरघरू लागलं. बाईंनी चिमटा किंचित सैल केला. पारा हलला.

"ऐंशी," मी म्हणाले. "शंभर. दीडशे."

"अजून?"

"दोनशे. अडीचशे. बाई, तीनशे!"

तीनशेच्या वर त्या नळीत आकडेच नव्हते. पारा वरच्या टोकाशी क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि मग फट्‌ करून बाहेर उडाला. त्याच्या मागोमाग काळं ऑइल. पाऱ्याच्या गोळ्या बॉनेटवर नाचल्या, फरशीवर पडल्या, तुळशीखाली घरंगळल्या. माझ्या साडीवर ऑइलचे डाग, मिस्त्रीच्या मिशीवर ऑइल. आम्ही सगळे यंत्राकडे बघत उभे राहिलो.

पहिल्यांदा हसल्या त्या बाई. "तीनशेच्या वर! माणूस असता तर मेला असता. हिची तर तब्येत ठणठणीत आहे! बत्ती खोटं बोलून राहिली!"

मिस्त्रीनं मिशी पुसली. तो दोनदा इंजिनाभोवती फिरला. "समझ में नहीं आता," तो म्हणाला. "पर पारा तो उड़ गया।"

म्हणजे सर बरोबर होते. स्विचच खोटारडा. नवा मागवायचा तर तो मुंबईहून यायचा, आणि तो कधी आलाच नाही. तोवर बत्तीची तारच काढून ठेवा, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "खोटं बोलणाऱ्याचं तोंड बांधू नये. एखाद दिवशी खरं बोलायचा असतो." म्हणजे त्यांचा विश्वास बसला होता की नव्हता? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बसून राहिलाय. उठेल तेव्हा सांगीन." यंत्र मोडल्यामुळे त्या मात्र पुढे कितीतरी दिवस पोटुश्या बायांची नाडी बोटांनी दाबून आणि चेहरा निरखून रक्तदाबाचा अंदाज करत. अंगण मात्र त्यांनी महिनाभर कुणाला अनवाणी चालू दिलं नाही.

त्याच सुमाराला राज्यं पुन्हा बदलणार अशी बोलवा उठली. मध्यभारत जाणार, मोठा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला. फ्रीगंजमधल्या मराठी घरांत संध्याकाळी हीच चर्चा. आपण आता कुणाचे? तिकडे महाराष्ट्रात जावं का? गाडीच्या नंबराची पाटी एकदा बदललेली होती, आता परत बदलणार. कुणीतरी बाईंना विचारलं, तुम्ही काय करणार? बाई म्हणाल्या, "मूल जन्मलं की आधी रडतं. कुठल्या राज्यात जन्मलो ते मग विचारतं. मला तोपर्यंतचं काम आहे."

त्या वर्षीच्या जेठ महिन्यात, भर दुपारी, मिस्त्री सायकल फेकून दवाखान्यात शिरला. त्याची मुलगी आगर रस्त्यावरच्या एका खेड्यात दिलेली. पहिलं बाळंतपण. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या आणि मूल खाली सरकत नव्हतं. तिथली दाई हात टेकून बसली होती.

बाईंनी पिशवी उचलली. "मास्तरीण, चल. बत्ती बघ." शाळेला सुट्टी होती. मी निघाले.

खेड्यातल्या त्या घरात बाईंनी मुलीला तपासलं. मूल आडव्या तोंडानं अडकलं होतं. मुलगी थकून गेली होती, कण्हतसुद्धा नव्हती. बाईंनी लाकडी नळी तिच्या पोटावर टेकवली, कान लावला, बराच वेळ ऐकलं. मूल जिवंत होतं. "चिमटा लावून मूल ओढून काढावं लागेल. इथे अंधारात नाही करणार. दवाखान्यात न्यायचं, आत्ता." मागच्या सीटवर मुलीला आडवं केलं, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मिस्त्री बाहेर फूटबोर्डवर उभा राहिला, खिडकीची चौकट घट्ट धरून. आम्ही निघालो. बाई इतक्या हळू आणि इतक्या सावध चालवत होत्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबे.

उज्जैनबाहेरच्या रेल्वे फाटकाशी आलो तर फाटक बंद. रुळांवर मालगाडी उभी होती, पुढे जाईना की मागे जाईना. झाड नाही, सावली नाही. वरून आग ओतत होती.

आणि बत्ती लागली.

"जळून राहिली," मी म्हणाले. एव्हाना मी त्यांची भाषा शिकले होते.

बाईंनी पाय दाबला. इंजिन ओरडलं. बत्ती विझली नाही. आजपर्यंत ती रेस दिल्यावर विझली नाही असं एकदाही झालं नव्हतं. बाईंनी अजून दाबला. बत्ती जरा फिकी झाली, थरथरली, पण राहिली.

मिस्त्रीनं खिडकीतून डोकं आत घातलं. "बाई, बंद करो! इंजन पकड़ लेगा!"

"बंद केली तर चालू होईल?"

गाडी इतकी तापली होती की बंद केली तर तास-दीड तास हलणार नव्हती, हे मिस्त्रीइतकं कुणाला ठाऊक होतं?

"झूठी है ना बत्ती? पारा उड़ा था ना?" तो म्हणाला. आता तो बाईंचीच बाजू मांडत होता. पुढच्याच श्वासात म्हणाला, "नहीं, बंद करो। नहीं, रुको।" मागून सासू रडत आपल्या माळवीत म्हणाली, "बाई साब, अब कई होयगो?"

बाई खाली उतरल्या. त्यांनी बॉनेट उघडलं. पिशवीतून ती लाकडी नळी काढली, जी थोड्या वेळापूर्वी मुलीच्या पोटावर ठेवली होती, आणि मिस्त्रीच्या हातात दिली.

"बेअरिंग गेलं असेल तर आत खटका ऐकू येतो ना? तूच सांगायचास. ऐक."

मिस्त्रीनं नळी इंजिनाला लावली, कान टेकवला. तापलेल्या लोखंडाजवळ त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं जागा बदलली, पुन्हा ऐकलं. मग तो सरळ झाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"बाई, कुछ समझ में नहीं आ रहा। मुझे तो अपनी ही छाती सुनाई दे रही है।"

इतकी वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. बाईंनी त्याच्या हातातली नळी काढून घेतली. "सरक," त्या म्हणाल्या. त्यांनी कान लावला आणि डोळे मिटले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मालगाडीचा गार्ड लांबून शिट्टी फुंकत होता, मागच्या सीटवर मुलगी एकदा हळूच 'बाबूजी' म्हणाली.

बाईंनी डोळे उघडले. "काही नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "खटका नाही. ठीक आहे. चढ."

मिस्त्रीचा चेहरा एकदम सैल पडला. तो फूटबोर्डवर चढला. मालगाडी खडखडत हलली, फाटक उघडलं. गाडी धावायला लागल्यावर बत्ती लुकलुकत राहिली, विझली, परत लागली. मी सांगत होते, "जळली, विझली, जळली." बाई म्हणाल्या, "आता नको सांगूस." आम्ही फ्रीगंजला पोचलो, आणि पहिल्यांदाच घर न ओलांडता बरोबर दारात थांबलो.

मूल दिवे लागायच्या आत झालं. मुलगी. तिनं रडायला जरा वेळ लावला, पण रडली. आई वाचली. मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसला होता, सासवांच्या त्या बाकावर. त्याला सांगितलं तर तो उठलाच नाही, नुसतं हो हो म्हणत राहिला.

आठ-दहा दिवसांनी त्यानं बाईंना न विचारता गाडी ढकलत शेडमध्ये नेली आणि इंजिन उघडलं. मग आम्हाला बोलावलं. एका फडक्यावर त्यानं बेअरिंगचे तुकडे मांडून ठेवले होते. वरचा पांढरट थर पार झिजून आतलं तांबं दिसत होतं. मलासुद्धा कळलं.

"देखिए, बाई। उस दिन कहीं भी पकड़ सकता था।"

बाईंनी एक तुकडा उचलला, उन्हात धरला. "म्हणजे बत्ती खरी होती."

"शुरू से सच्ची थी।"

"मग पारा का उडाला?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "स्क्रू मैंने चढ़ा रखा था ना। इंजन तेज़ चल रहा था, तो दाब आ गया। धीमा करके नापते, तो नहीं आता। मेरे ध्यान में ही नहीं आया।"

"माझ्याही नाही," बाई म्हणाल्या. "तू स्क्रू चढवलास ते मला माहीत होतं. म्हशीलासुद्धा माहीत होतं." मग दोघंही कितीतरी वेळ त्या तुकड्यांकडे बघत बसले, एखाद्या अवघड केसबद्दल दोन डॉक्टर बसतात तसे. नवीन बेअरिंगं बसल्यावर ती बत्ती पुन्हा कधी लागली नाही. बाईंना मात्र चैन पडेना. "आता ही लागतच नाही," त्या म्हणत, "फ्यूज तर नाही झाली?"

नवं राज्य झालं आणि माझी बदली जबलपूरला झाली. कालपर्यंत जबलपूर दुसऱ्या राज्यात होतं, आज ते माझं झालं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी खाली गेले. दवाखाना रिकामा होता. बाई हत्यारं उकळत होत्या. मला जे इतके महिने विचारायचं होतं ते मी विचारलं.

"त्या दिवशी फाटकाशी तुम्हाला इंजिनात काय ऐकू आलं?"

त्यांनी भांड्यावरून नजर काढली नाही. "घरघर."

"आणि खटका?"

"मला काय माहीत खटका कसा असतो? मी आयुष्यभर पोटातलं ऐकून राहिली. इंजिनात नुसता गोंधळ होता. मलाही काही समजलं नाही."

"मग ठीक आहे असं का म्हणालात?"

"तो माझ्या तोंडाकडे बघून राहिला होता ना."

भांड्यातलं पाणी खळखळत होतं. मी म्हटलं, "आणि गाडी मध्येच अडकली असती तर?"

"तर तिथेच, रस्त्याच्या कडेला केलं असतं," त्या म्हणाल्या. "पिशवी होती. उजेड होता. सासूला पाय धरायला लावलं असतं, आणि तू होतीस."

"मी? बाई, मला रक्त पाहिलं की घेरी येते. तुम्हाला चांगलं माहीत आहे."

"आली असती," बाई म्हणाल्या, आणि चिमट्यानं एकेक हत्यार बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवू लागल्या. "मग उतरली असती. मग तू उठली असतीस."